आकाशकंदील केव्हा लावावा, केव्हा उतरवावा?

दिवाळी समीप आली की घरोघरी एक प्रश्न हमखास उपस्थित होतो : कंदील आजच लावावयाचा, की आणखी चार दिवस थांबावयाचे? मुलांना घाई असते आणि ज्येष्ठांना तिथी पाहावयाची असते. आपल्या बँकेच्या परिवारातील अनेक मराठी कुटुंबे नोकरी-व्यवसायानिमित्त महाराष्ट्राबाहेर वास्तव्य करून आहेत. त्यांच्यापुढे तर शेजारच्या घरातील पंचांगही निराळे असते. म्हणून या प्रश्नाचा थोडा मुळापासून विचार करणे उपयुक्त ठरेल.

महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक येथील चांद्र महिना अमावास्येला संपतो. त्यास अमान्त गणना म्हणतात. उत्तर भारतात तो पौर्णिमेला संपतो. ती पूर्णिमान्त गणना. शुक्ल पक्षात दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच असते, कृष्ण पक्षात मात्र उत्तरेकडील नाव एका महिन्याने पुढे जाते. परिणामी आपण ज्या रात्री आश्विन अमावास्येचे लक्ष्मीपूजन करतो, ती रात्र काशीच्या रहिवाशाच्या लेखी कार्तिक अमावास्येची असते. आकाशातील चंद्र एकच. फरक केवळ नावाचा.

हा फरक कंदिलाच्या बाबतीत कळीचा आहे. आजच्या कंदिलाचा पूर्वज म्हणजे कार्तिक मासातील आकाशदीप. काशीच्या पंचगंगा घाटावर उंच बांबूंच्या टोकांना वेताच्या करंड्या बांधून त्यांत दिवे ठेवण्याची प्रथा आहे. कोजागरीच्या दुसऱ्या दिवसापासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत, म्हणजे तेथील संपूर्ण कार्तिक महिनाभर, हे दिवे तेवतात. पितरांची वाट उजळावी, ही त्यामागील श्रद्धा. आता ‘कार्तिकात आकाशदीप लावावा’ हा नियम आपल्या पंचांगाला शब्दशः लावला, तर कंदील बलिप्रतिपदेला, लक्ष्मीपूजन उरकल्यावर लावावा लागेल! असे कोणी करीत नाही, आणि करूही नये. जी मराठी घरे कोजागरीपासूनच कंदील लावतात, त्यांना काही जण उतावीळ म्हणतात; परंतु त्यांचा काळ काशीच्या काळाशी नेमका जुळतो. वसुबारसेला, म्हणजे आश्विन वद्य द्वादशीला, कंदील लावण्याचा रिवाज अधिक प्रचलित आहे, आणि बहुतेक कुटुंबांना तोच सोयीचा वाटतो.

इंग्रजी तारखेवर विसंबून मात्र कोणतेही नियोजन करू नये. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे सण दरवर्षी अलीकडे सरकतात आणि अधिक मास आला की एकदम पुढे जातात. २०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्याने ते १२ नोव्हेंबरला गेले. कधी एकाच वर्षी दोन प्रांतांत दोन तारखा येतात. २०२५ साली अमावास्या २० ऑक्टोबरच्या दुपारी सुरू होऊन २१ च्या संध्याकाळी संपली. दिल्लीत दिवाळी २० ला, तर महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन २१ ला झाले. बँकांच्या सुट्ट्या राज्यनिहाय का जाहीर होतात, असे विचारणाऱ्या ग्राहकांना हे उदाहरण जरूर सांगावे.

हवामानाचाही विचार हवा. परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रेंगाळू शकतो. दिवाळी लवकर असेल तेव्हा कागदी कंदील छज्जाखालीच बरा. चेन्नईत तर ऑक्टोबरात ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. तेथे बदली होऊन गेलेल्या कुटुंबाने कापडी कंदिलाचा हट्ट न धरलेलाच बरा. विजेच्या माळेची वायर आणि खटका मात्र कोणत्याही प्रांतात आधी तपासावा.

एक प्रसंग असा असतो की, तेथे पंचांग पुरेसे पडत नाही. घरात वर्षभरात कोणी निवर्तले असेल, तर कंदील लावावा की नाही? अनेक घरे त्या वर्षी सण करीत नाहीत आणि त्यांच्या भावनेचा आदर केलाच पाहिजे. तथापि आकाशदीप मुळात पितरांसाठी आहे, हे ध्यानात घेतले तर त्या घरी एक साधा दिवा उंचावर लावण्यात अनुचित काहीच नाही. उलट त्या वर्षी तोच सर्वांत अर्थपूर्ण होय. रोषणाई आणि फटाके वगळावेत. वडिलांच्या पश्चात आलेल्या पहिल्या दिवाळीत मुले खिडकीतून इतरांचे कंदील पाहत बसतात, तेव्हा हा निर्णय किरकोळ राहत नाही. तो घरातील ज्येष्ठ स्त्रीला विचारूनच घ्यावा; शेजाऱ्यांनी किंवा नातलगांनी तिच्या वतीने घेऊ नये. शेजाऱ्यांनी फराळाचे ताट घेऊन जावे आणि थोडा वेळ बसावे.

कंदील उतरविण्याबाबत फारसा वाद नाही. कोणी भाऊबीजेनंतर, कोणी तुळशीच्या लग्नानंतर उतरवतात. त्रिपुरी पौर्णिमा ही परंपरेची शेवटची मर्यादा. दक्षिणेत राहणाऱ्यांनी थोडे थांबावयास हरकत नाही. २०२५ साली त्रिपुरी पौर्णिमा ५ नोव्हेंबरला येऊन गेली, तर तमिळनाडूतील कार्तिगै दीपम डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात साजरा झाला. आपला कंदील माळ्यावर गेला, तेव्हा शेजारच्या उंबऱ्यावर पणत्या लागावयाच्या होत्या.