रानांतील झोपडी आणि वीज
स्वहस्तें बांधिलेल्या लांकडी झोपडीपर्यंत विजेचे खांब पोंचले नसतील, तर छपरावर सौर पॅनेल व खालीं १२ व्होल्टांची बॅटरी ठेवितात. विद्यार्थीमित्रांनो, येथें ओहमचा नियम विसरून चालत नाहीं. दिवे व पंखा मिळून ६० वॅट धरल्यास प्रवाह ५ अँपियर. बॅटरी २० मीटर दूर असेल, तर जाऊनयेऊन तार ४० मीटर. १.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या एवढ्या तारेचा रोध सुमारें अर्धा ओहम. म्हणजे जवळजवळ अडीच व्होल्ट वाटेंतच खर्ची पडले! दिवा मंद जळतो, आणि लोक बिचाऱ्या बॅटरीस दोष देतात. ६ चौरस मिलिमीटरांची तार घातल्यास ही घट चौथाईवर येते.

मंद दिव्याहून आम्हांस अधिक भय आगीचें वाटतें. दोन तारा एकमेकींस चिकटल्या, तर शेंकडों अँपियर वाहून लांकूड पेट घेईल. म्हणून फ्यूज बॅटरीच्या धन टोंकाजवळच बसवावा. दिव्यापाशीं बसविलेला फ्यूज मधल्या तारेस राखीत नाहीं.