लाल दिवा लागला की आधी किल्ली बंद कर

अगं, परवा फोनवर म्हणालीस ना, ‘ताई, ऑइलचा लाल दिवा लागतो, पण मेकॅनिक म्हणतो सेन्सरच गेलाय, बिनधास्त चालवा’, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. त्याचं म्हणणं खोटंच असेल असं नाही. जुन्या गाडीत ऑइल प्रेशरचा सेन्सर जातोच. पण त्याने प्रेशर मोजलं का? बॉनेट उघडून नुसतं बघितलं आणि सांगून मोकळा झाला. एवढ्यावर विश्वास ठेवू नकोस, माय.

गाडी घेऊन जळगावला येते म्हणालीस, ते तर मुळीच करू नको. फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, नव्वदेक किलोमीटरचा रस्ता आणि वर हे ऊन. नुसता सेन्सर बिघडलेला असला तर बहुधा काही होणार नाही, पण प्रेशर खरंच पडलं असेल तर पारोळा यायच्या आत बेअरिंग खलास. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो, तो प्रेशरवरच टिकतो. तो गेला की धातूवर धातू घासतो आणि काही मिनिटांत इंजिन बसतं. गाडी आहे तिथेच राहू दे. रविवारी मीच प्रेशर मोजायचं गेज घेऊन धुळ्याला येते.

तुझी गाडी साधी असती तर मी एवढी बोललेही नसते. सॅन स्टॉर्म! गोव्यात बनलेली, दोन सीटची, उघड्या टपाची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आली आणि मोजक्याच लोकांच्या दारात पोचली. आता ‘याचे पार्ट मिळत नाहीत’ हे वाक्य तुला प्रत्येक दुकानात ऐकायला मिळेल. अर्ध्यावर धीर सोडू नकोस. गाडीचं नावच सांगू नको, इंजिनाचं सांग. आत रेनॉचं 1149 सीसीचं डी-सेव्हन-एफ इंजिन आहे, युरोपात क्लिओ आणि ट्विंगोमध्ये चाललेलं. जुना सेन्सर हातात घेऊन जा. आट्यांचं माप, टर्मिनल किती, त्यावर कोरलेला प्रेशरचा आकडा, हे तिन्ही जुळलं तरच घे. ‘रेनॉचाच आहे, बसेल’ एवढ्यावर पैसे देऊ नकोस. डस्टर-क्विडची इंजिनं निराळी.

आता घरच्या घरी काय बघायचं ते ऐक. इंजिन थंड असताना, गाडी सपाट जागेवर लावून डिपस्टिक काढ. तेल कमी असेल तर पुढचं सगळं नंतर, आधी ते कुठे जातंय ते शोधायचं. मग इंजिन सुरू न करता किल्ली नुसती ऑन कर. डॅशबोर्डवरची लाल किटली, म्हणजे ऑइलचा दिवा, पेटली पाहिजे. पेटलीच नाही तर खूश होऊ नकोस, ती जास्त वाईट खूण, कारण मग खरं संकट आलं तरी दिवा गप्प राहील. पेटली, की सेन्सरची वायर काढ. बहुतेक इंजिनांत तो ब्लॉकवर, ऑइल फिल्टरच्या आसपास असतो. वायर काढल्यावर दिवा विझायला हवा. तरीही जळत राहिला तर सेन्सरचा दोष नाही, वायर कुठेतरी सोलून धातूला टेकलीय. आणि वायरच्या टोकाचा प्लग उलटा करून नीट बघ. आत तेलाचा ओशटपणा, काळपट चिकटा दिसला तर सेन्सरच्या आतला पडदा फाटलाय असं खुशाल समज.

एक गोष्ट तुझ्या गाडीपुरती. हिची बॉडी फायबरग्लासची. पत्र्याच्या गाडीत अर्थ बॉडीतूनच मिळतो, इथे बॉडीतून अर्थ मिळत नाही, तो वायरनेच न्यावा लागतो. इतक्या वर्षांत त्या वायरींची टोकं हिरवी पडतात, नट ढिले होतात. इंजिनावरून बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी जाड पट्टी सोडवून घासून घट्ट बसवायचीच. सेन्सर बदलला तरी दिवा नीट वागत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच निघतं.

पण शेवटचा शब्द गेजचाच. सेन्सर काढून त्याच भोकात काट्याचं गेज लावायचं, इंजिन पुरतं गरम होऊ द्यायचं, मगच आकडा वाचायचा. थंड तेल घट्ट असतं, प्रेशर चांगलंच दाखवतं. गॅरेजमध्ये चालणारा ढोबळ हिशोब दर हजार आरपीएमला 10 पीएसआय. नेमका आकडा इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्यायचा. आकडा ठीक निघाला तर नवा सेन्सर बसव आणि निश्चिंत हो. कमी निघाला तर पंप, जाळी, रिलीफ व्हॉल्व्ह, बेअरिंग, हे सगळं तपासावं लागेल. त्या वेळी कुणी ‘घट्ट ऑइल टाकू, दिवा विझेल’ म्हणालं तर स्पष्ट नाही म्हण. दिवा विझेल, झीज थांबणार नाही.

बसवताना इंजिन थंड हवं, किल्ली बंद हवी. आधी हाताने चार आटे फिरव, मग डीप सॉकेट. टेफलॉन टेप गुंडाळू देऊ नकोस. त्याचे तुकडे तेलाच्या वाटेत जातात आणि सेन्सरला आट्यांमधून मिळणारा अर्थही बिघडतो. जुन्याला तांब्याचं वायसर असेल तर नवं वायसर घाल. जोर करून पिळायचं नाही. आटे उडाले तर दोनशेच्या कामाचं दहा हजारांचं होतं.

आणि गॅरेजवाला काम करत असताना तू बॉनेटपाशी उभी राहा. ‘मॅडम, तुम्ही आत बसा, चहा घ्या’ म्हणतील. बसू नकोस. गेजचा काटा स्वतःच्या डोळ्यांनी बघ, जुना सेन्सर परत मागून घे. गाडी तुझी, पैसे तुझे, विचारायचा हक्कही तुझाच. दोन प्रश्न नीट विचारलेस की समोरचाही सरळ बोलायला लागतो, हे मी इतक्या वर्षांत पाहिलंय.

आज संध्याकाळी ऊन उतरलं की त्या प्लगचा फोटो तेवढा पाठव. तेल दिसलं तर मी इथल्या दुकानांत विचारायला सुरुवातच करते, म्हणजे रविवारी गेज आणि सेन्सर दोन्ही बरोबर आणता येतील.