उच्चार एक, लेखन निराळें

इंग्रजी निबंधांच्या वह्या तपासतांना एक गोष्ट आमच्या वारंवार दृष्टीस पडते. विद्यार्थी अवघड शब्दांत फारसे चुकत नाहींत. लांबलचक शब्द ते घोकून येतात आणि बिनचूक लिहितात. चूक होते ती रोज तोंडीं असलेल्या लहानशा शब्दांत. आणि तीही अशी कीं, लिहिलेला शब्द इंग्रजी भाषेंत असतो, त्याचें लेखनही शुद्ध असतें, परंतु तो त्या जागचा नसतो. रजेच्या अर्जाच्या माथ्यावरील 'प्रिन्सिपल' हा शब्द पी-ए-एल या अक्षरांनीं संपावयाचा. तो पी-एल-ई या अक्षरांनीं संपला, म्हणजे अर्ज शाळेच्या प्रमुखांकडे न जातां एखाद्या नैतिक तत्त्वाकडे जातो! तत्त्वाकडून रजा मंजूर झाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

आपल्या भागांत या प्रश्नास विशेष महत्त्व आहे. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. मागाहून मोटारी, दुचाक्या व त्यांचे सुटे भाग करणारे कारखाने आकुर्डी-भोसरीपासून थेट चाकणपर्यंत पसरले; आणि किल्ल्यामुळें व कांद्याच्या बाजारामुळें ठाऊक असलेलें चाकण आतां मोटारींमुळेंही ओळखलें जाऊं लागलें. त्यामुळें ब्रेक, डाय, स्टील, होल, वेट, गेट, टेस्ट हे शब्द आमच्या मुलांच्या कानीं शाळेंत येण्यापूर्वींच पडलेले असतात. किंबहुना ते त्यांस मराठीच वाटतात. हा मोठा लाभ होय. परंतु हे शब्द कानानें शिकलेले असतात, डोळ्यांनीं नव्हे. वडील 'ब्रेकमध्यें चहा घेतला' असें म्हणतात, आणि 'गाडीचा ब्रेक लागत नाहीं' असेंही म्हणतात. देवनागरींत दोन्ही ठिकाणीं शब्द एकच. इंग्रजींत मात्र विसांव्याचा ब्रेक बी-आर-ई-ए-के, आणि गाडी थांबविणारा ब्रेक बी-आर-ए-के-ई. नाशिकच्या रस्त्यानें जाणाऱ्या मालमोटारींच्या पाठीवरही हा दुसरा ब्रेक कित्येकदां पहिल्याच्या अक्षरांनीं रंगविलेला दिसतो. तेथें कोणाचें अडत नाहीं. मागचा चालक अंतर ठेवून चालतो. परंतु औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंतून बाहेर पडलेला तरुण नोकरीच्या अर्जांत तेंच लिहितो, तेव्हां अडतें. अर्ज वाचणाऱ्यानें त्या तरुणाचे हात पाहिलेले नसतात, त्याचें काम पाहिलेलें नसतें. त्याच्यापुढें केवळ एक कागद असतो.

हा दोष मुलांच्या आळसाचा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. आपली बालबोध लिपी बोलल्याबरहुकूम लिहिली जाते. तिच्यावर वाढलेलें मूल 'जसें ऐकावें तसें लिहावें' हाच नियम इंग्रजीस लावितें. मराठींतही या नियमास अपवाद नाहींत असें नव्हे. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. 'शिर' म्हणजे डोकें आणि 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी. 'पाणि' म्हणजे हात आणि 'पाणी' म्हणजे जल. बोलतांना हा ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुतेकांच्या जिभेवर राहत नाहीं, लिहितांना तो राखावाच लागतो. उलट 'जरा' हें लेखन एकच. पण 'जरा थांब' यांतील ज निराळा आणि म्हातारपण या अर्थाच्या 'जरा' शब्दांतील ज निराळा. 'नांव' आणि 'नाव' यांतील भेद तर आपण आपल्याच हातांनीं पुसून टाकिला. १९६२ सालीं शासनानें मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं उच्चारांत नसलेले अनुस्वार गाळले, तेव्हांपासून मनुष्याचें नांव आणि नदींतील नाव एकाच रीतीनें लिहिलीं जातात. (हा लेख आम्ही जुन्या वळणानें लिहीत आहों, हें वाचकांनीं ओळखलेंच असेल; विद्यार्थ्यांनीं परीक्षेंत तसें करूं नये.)

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. आमच्या वह्यांतील या चुका एका जातीच्या नाहींत, दोन जातींच्या आहेत. आणि दोहोंस एकच औषध दिल्यामुळें गुण येत नाहीं.

पहिल्या जातींतील शब्द इंग्रज मनुष्याच्या कानास मुळींच सारखे लागत नाहींत. ते सारखे केले आहेत आपल्या लिपीनें. कारखान्याचें 'गेट' जी-ए-टी-ई, आणि 'मिळणें' या अर्थाचें 'गेट' जी-ई-टी. इंग्रजींत पहिल्याचा स्वर लांबविलेला, शेवटीं किंचित् इकाराकडे झुकणारा, दुसऱ्याचा तोकडा. देवनागरींत दोहोंच्याही डोक्यावर एकच मात्रा. लिहिण्याचें 'पेन' आणि दुखण्याचें 'पेन', विकण्याचा 'सेल' आणि विक्रीचा 'सेल', यांची गोष्ट तीच. एका निबंधांत आम्हीं वाचलें कीं, सहलींतील चहाची 'टेस्ट' फार चांगली होती. लेखन टी-ई-एस-टी असें होतें. म्हणजे चहा परीक्षेंत उत्तीर्ण झाला. चव सांगावयाची तर टी-ए-एस-टी-ई असें लिहावयास हवें होतें. व हें आपलें एक अक्षर इंग्रजींतील दोन अक्षरांचें काम करतें. म्हणून 'वेस्ट' ही पश्चिम दिशा आणि अंगांतील 'व्हेस्ट' यांची गल्लत होते. येथें कितीही वेळां लिहून काढिलें तरी फळ नाहीं. औषध कानाचें आहे. शिक्षकांनीं दोन्ही शब्द जवळजवळ ठेवून मोठ्यानें म्हणावे; पहिल्या गेटचा स्वर ताणावा, दुसऱ्याचा तोडावा; 'वेस्ट' म्हणतांना ओठांचा चंबू करावा, 'व्हेस्ट' म्हणतांना वरचे दांत खालच्या ओठास लावावे. मुलें प्रथम हंसतात. मग त्यांस भेद ऐकूं येऊं लागतो.

दुसऱ्या जातींतील शब्द खरोखरच एकसारखे उच्चारले जातात. तेथें इंग्रजाचा कानही हात टेकतो. हे असे कां झाले तें विद्यार्थ्यांस सांगितलें पाहिजे, नाहीं तर इंग्रजी लेखन म्हणजे केवळ लहर आहे असा त्यांचा ग्रह होतो. १४७६ सालीं विल्यम कॅक्स्टन यानें वेस्टमिन्स्टर येथें छापखाना घातला. छपाईनें शब्दांचें लेखन हळूहळू पक्कें होत गेलें. परंतु त्याच काळांत व पुढील दोन-तीन शतकांत लोकांचें बोलणें पालटत राहिलें. 'मीट' म्हणजे भेटणें आणि 'मीट' म्हणजे मांस. पूर्वी यांचे स्वर निरनिराळे होते, म्हणून एकांत दोन ई आणि दुसऱ्यांत ई-ए. स्वर एक झाले, अक्षरें होतीं तेथेंच राहिलीं. 'नाइट' म्हणजे सरदार, यांतील आरंभींचा के पूर्वी स्पष्ट उच्चारीत. रात्रीच्या 'नाइट'मध्यें तो कधींच नव्हता. जर्मन भाषेंत या सरदाराचा सख्खा भाऊ 'क्नेख्ट' अद्यापि ककारासह नांदतो, मात्र तेथें त्यास नोकराचें काम मिळालें आहे.

म्हणून या जातीच्या शब्दांस औषध डोळ्यांचें, आणि त्याहून अधिक कुळाचें. शब्द एकटा पाठ करूं नये, त्याच्या नातलगांसह पाठ करावा. 'येथें', 'तेथें' आणि 'कोठें' या तिन्ही इंग्रजी शब्दांत एच-ई-आर-ई हीं अक्षरें आहेत. स्थळाचें हें घराणें. 'ऐकणें' या अर्थाच्या 'हिअर'मध्यें ई-ए-आर, म्हणजे कान, बसलेला आहे. दोन या अर्थाच्या 'टू'मधील मुका डब्ल्यू 'ट्वेल्व्ह', 'ट्वेंटी', 'ट्विन' यांत बोलूं लागतो. विसांव्याच्या ब्रेकची ओळख न्याहारीवरून पटते: 'ब्रेकफास्ट' म्हणजे उपवास मोडणें, आणि त्यांत उच्चार बदलला तरी बी-आर-ई-ए-के हीं अक्षरें तशींच आहेत. मोडणें, तुटणें, मध्यें खंड पडणें हें या ब्रेकचें कुळ. गाडीचा ब्रेक मात्र मोडूं नये हीच सर्वांची इच्छा असते.

आपल्या रस्त्यांवर ठिकठिकाणीं 'वे-ब्रिज' अशी पाटी दिसते. तो वाटेवरचा पूल नव्हे, वजनकाटा होय. वजन करणें या अर्थाचा 'वे' डब्ल्यू-ई-आय-जी-एच असा लिहितात. त्याच्यापुढें टी लाविला कीं वजनाचा 'वेट' झाला. वाट पाहण्याचा 'वेट' निराळा, डब्ल्यू-ए-आय-टी. 'डाय' हा शब्द मात्र खरोखर कठीण. पत्रा दाबण्याचा साचा डी-आय-ई, आणि मरणें हेंही डी-आय-ई. तेथें संदर्भच पाहावा लागतो. कापड रंगविण्याचा डाय डी-वाय-ई. त्याचें 'डाइंग' करतांना ई राखावा लागतो. गाळला तर रंगारी कापड रंगवीत नसून मरत आहे असा अर्थ होतो. कागद, पेन्सिली इत्यादि 'स्टेशनरी'चें लेखन ई-आर-वाय असें संपतें, कारण तें विकणारा तो 'स्टेशनर'. जागेवर स्थिर असलेलें यंत्र मात्र ए-आर-वाय. मौज ही कीं, मुळांत हे दोन्ही शब्द एकाच घरचे: फिरत्या विक्रेत्याहून निराळा, एका जागीं दुकान मांडून बसलेला तो स्टेशनर.

संगणक चुकीच्या शब्दाखालीं तांबडी रेघ ओढतो, तेव्हां हा अभ्यास कशास, असें विद्यार्थी विचारतात. रेघ येते ती प्रायः कोशांत नसलेल्या शब्दाखालीं. येथें तर दोन्ही शब्द कोशांत आहेत. यंत्र पुष्कळदां मुकाट्यानें पुढें जातें. शिक्षकबंधूंस आमची विनंति एवढीच कीं, शुद्धलेखनासाठीं सुटे शब्द घालूं नयेत. 'ब्रेक' एवढेंच उच्चारलें तर मुलानें काय लिहावें? पूर्ण वाक्य घालावें, आणि लिहिण्यापूर्वी त्याचा अर्थ मराठींत विचारावा.

मोठ्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं पुढील वाक्यें इंग्रजींत उतरून आणावींत. दहाच्या ब्रेकमध्यें त्यानें ट्रकचा ब्रेक तपासला. नव्या डायची टेस्ट झाली, पण चहाला टेस्ट नव्हती. गेटपाशीं वेट कर आणि मालाचें वेट कागदावर उतरून घे. होल लॉटमध्यें एकाही भागाचा होल मापांत नाहीं.