धारणेपर्यंत पोचायचं कसं?

अल्बर्ट एलिस यांनी 1955च्या सुमारास उभी केलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मुंबईच्या कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली. ती शिकताना सुरुवात स्वतःपासून करा. रोज रात्री वहीत स्वतःचीच घटना, तिच्याबद्दलची धारणा आणि त्या धारणेचा मनावर झालेला परिणाम लिहा. हे अंगवळणी पडलं, की अनुभवी समुपदेशकाच्या देखरेखीखाली दुसऱ्यासमोर बसा.

समजा, हिंगणघाटकडचा शेतकरी आलाय. बोंडअळीनं पऱ्हाटी (कपाशी) गेली, पीककर्ज थकलं.

सर्वांत आधी जिवाचं बघा. "मरून जावंसं वाटतं का?" असं सरळ विचारा, विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. होकार आला तर पद्धत बाजूला ठेवा. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना बोलवा, मानसोपचारतज्ज्ञाकडे पोचवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

धोका नसेल तर भावना वेगळ्या करा. पीक गेल्याचं दुःख होणारच, त्याला हात लावू नका. घराबाहेर पडू न देणारी लाज कमी करणं हे आपलं काम.

आता धारणा शोधा. "यात सगळ्यात जास्त काय टोचतं?" तो म्हणेल, "गावात कोनाले तोंड दाखवू?" इथे धीर देण्याची घाई नको. "लोक बोललेच, तर त्याचा तुमच्या लेखी अर्थ काय?" असं विचारत खाली उतरा. "कर्ज फेडता यायलाच हवं होतं, नाही फेडलं म्हणजे मी माणूस म्हणून बाद," इथवर पोचलात, की धारणा सापडली.

वाद घालायचा तो फक्त तिच्याशी. कर्ज खरं आहे, अळी खरी आहे; "सगळे तुमच्या विचारांचे खेळ" असं शेतकऱ्याला सांगणं हा अन्याय आहे. विचारा: "शेजाऱ्याची पऱ्हाटी गेली, तर त्याला बाद म्हणाल? स्वतःला बाद मानून बँकेत जायचं बळ येतं का?" आणि गप्प बसा. नवशिके इथेच व्याख्यान देतात. उत्तर त्याच्या तोंडून आलं तरच टिकतं.

मग नवी धारणा त्याच्याच बोलीत लिहून घ्या: कर्ज फेडायचंच मनात होतं, यंदा जमलं नाही, फार वाईट झालं, पण मी बाद नाही. नुसतं घोकून ती मुरत नाही. म्हणून गृहपाठ द्या: बुधवारी बँकेत जाऊन कर्जाच्या पुनर्गठनाची चौकशी करायची, येताना पारावर थांबून एकाशी तरी बोलायचं.

पुढची भेट या गृहपाठापासूनच सुरू करा. झाला नसेल तर रागावू नका. जाताना पाय कुठे अडखळला ते विचारा. तिथे बहुधा आणखी एक धारणा निघते.