हुरड्याच्या दिवसांत शेतावर

प्रश्न : आमची मुले आठ आणि अकरा वर्षांची आहेत. त्यांना खरी शेती दाखवायला कृषी पर्यटन केंद्रात दोन दिवस राहायचे आहे. कधी जावे? केंद्र कसे निवडावे?

उत्तर : डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत सोलापूर, अहिल्यानगर किंवा पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात जा. रब्बी ज्वारी तेव्हा हुरड्यावर आलेली असते. गोवऱ्यांच्या आगटीत कणसे भाजायची, तळहातावर चोळायची आणि गरम कोवळे दाणे लसणाच्या चटणीबरोबर, गुळाबरोबर खायचे. हे सुख मुलांना मिळायलाच हवे! दाणा कडक झाला की ती गोडी जाते, म्हणून तारीख शेतकऱ्याला विचारूनच ठरवा.

राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले. पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी आहे का, हे विचाराच. पण त्याहून महत्त्वाचे प्रश्न वेगळे आहेत : सध्या शेतात कोणते पीक उभे आहे? धारा किती वाजता काढतात? स्वयंपाक कोण करते? उत्तरात नुसता रेन डान्स आणि जलतरण तलाव असेल, तर ते रिसॉर्ट समजा.

मुलांना उभ्या पिकातून धावू देऊ नका. निघताना धान्य-भाजी मात्र तिथूनच विकत घ्या. ते पैसे थेट शेतकऱ्याच्या हाती पडतात.