उपासमार झालेल्या घोड्याची जोपासना व शिक्षण

मुंबईच्या रस्त्यांवरील व्हिक्टोरिया गाड्या बेकायदेशीर असल्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयानें २०१५ सालीं दिला. गांवोगांवचे टांगे तर मोटारींमुळें त्यापूर्वींच बसत चालले होते. अशा धंद्यांतून निघालेला घोडा पुष्कळदां हाडांचा सांपळा होऊन एखाद्या सदय शेतकऱ्याच्या दारीं येतो. त्याची जोपासना कशी करावी, याविषयीं येथें थोडें लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम सांगावयाचें तें हें कीं, असें जनावर घरीं आल्यावर धन्याच्या दयेनेंच दगावण्याचा मोठा धोका असतो. उपाशी जिवाच्या तोंडास चंदीचा भरलेला तोबरा बांधावा, असें कोणासही वाटेल. परंतु बहुत दिवस उपाशी असलेलें शरीर स्वतःची चरबी व मांस जाळून जगत असतें. अशा स्थितींत धान्य किंवा गूळ एकदम पोटांत गेला म्हणजे रक्तांत इन्शुलीन वाढतें, आणि रक्तांतील फॉस्फरस, मॅग्नेशियम व पोटॅशियम हीं द्रव्यें पेशींत ओढलीं जाऊन रक्तांत त्यांची वाण पडते. हृदयाचे व श्वासाचे स्नायू थकतात, आणि तीन ते पांच दिवसांत घोडा मरूं शकतो. लोक म्हणतात, त्याचें आयुष्यच संपलें होतें!

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अशा घोड्यांस निरनिराळा चारा देऊन पाहिला. वाळविलेला लसूणघास सर्वांत चांगला ठरला. कारण त्यांत पिष्ट कमी असून प्रथिनें, फॉस्फरस व मॅग्नेशियम भरपूर असतात. पहिले तीन दिवस दर चार तासांनीं, रात्रींसुद्धां, सुमारें अर्धा किलो घास द्यावा. हें मान तिकडील मोठ्या घोड्यांचें होय. आपल्याकडील लहान चणीच्या तट्टास त्याहून कमी द्यावें. चौथ्या दिवसापासून दहाव्यापर्यंत मान हळूहळू वाढवून वेळा तीनवर आणाव्या. त्यापुढें पोटभर चारा देण्यास हरकत नाहीं. चंदीची घाई मात्र करूं नये. पाणी स्वच्छ व सदैव जवळ असावें. बुरशी आलेला घास उकिरड्यावर टाकावा.

आमची उमर दप्तरांत गेल्यामुळें असेल, पण नोंदवहीवांचून आम्हांस कोणत्याही कामाचा भरंवसा वाटत नाहीं. कोपरामागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोंकापासून ढुंगणाच्या टोंकापर्यंत लांबी सेंटिमीटरांत मोजावी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८० केल्यास अदमासें वजन किलोंत निघतें. घेर १४० व लांबी १३० असल्यास तें सुमारें २१४ येईल. दर आठवड्यास एकाच वारीं मोजून लिहावें.

पोटांत घास जाऊनही अंग धरीत नसेल तर रक्त तपासून घ्यावें, कारण गोमाशीनें पसरणारा सर्रा हा रोग घोड्यास असाच झिजवितो. नाकांतून चिकट स्राव किंवा अंगावर गांठी व व्रण दिसल्यास घोडा तत्काळ वेगळा बांधून सरकारी पशुवैद्यास कळवावें. ग्लँडर्स माणसासही होतो. जंताचें औषध आल्या दिवशींच पाजूं नये, वैद्याच्या सल्ल्यानें द्यावें. दाढांचीं धारदार टोंकें घासून घ्यावीं, नालबंदाकडून खूर नीट करावे, आणि धनुर्वाताची लस विसरूं नये.

शिक्षणास आरंभ बरगड्या झांकल्यावर. तोंवर खरारा करणें, पाय उचलण्याची संवय लावणें व मोहरकीवर चालविणें एवढेंच. घोडा शिकतो तो दोरीच्या ताणानें नव्हे, ताण सुटण्यानें. त्यानें पाऊल टाकलें कीं त्याच क्षणीं दोरी ढिली करावी. तो मान झटकीत असतां ती ढिली केली तर मान झटकणेंच शिकेल! एका वेळीं दहा-पंधरा मिनिटें पुष्कळ झालीं. चावणाऱ्या किंवा लाथ मारणाऱ्या घोड्यास चाबूक दाखविण्यापूर्वीं त्याचे दांत व पाठीवरील जखमा पाहाव्या. कांटेरी लगाम तर १९६५ च्या नियमांनीं ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांस मनाच आहे.

टांग्याच्या घोड्याची एक निराळीच अडचण असते. डोळ्यांवर झापडें असल्यानें त्यानें मागील हालचाल कधीं नीट पाहिलेली नसते, आणि पाठीवर उंच दिसणारा माणूस त्यास भयंकर वाटतो. म्हणून झापडें काढून त्यास प्रथम माणसाच्या बाजूनें चालवावें, मग त्याच्याजवळ ओट्यावर उभें राहावें, नंतर पाठीवर नुसतें पोतें ठेवावें. पाठीचे स्नायू भरल्यावांचून व जुने घाव पूर्ण बुजल्यावांचून खोगीर घालूं नये, आणि पहिला स्वार हलक्या अंगाचा असावा.