नऊ एकांचा वर्ग : एका सतरा अंकी संख्येचा अभ्यास

अंकगणिताचे शिक्षण म्हणजे केवळ पाढे आणि रीती यांचे पाठांतर नव्हे. संख्येकडे चिकित्सक दृष्टीने पाहण्याची सवय लागली, तरच त्या शिक्षणाचे सार्थक होते. या दृष्टीने १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या अभ्यासण्याजोगी आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील स्थाननामांप्रमाणे तिचा पहिला अंक परार्धाच्या अलीकडील 'मध्य' या सतराव्या स्थानी येतो. ती कोणत्याही बाजूने वाचली तरी सारखीच राहते.

ही संख्या म्हणजे १११११११११ या संख्येचा वर्ग होय. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१. हाच क्रम येथे शिगेला पोचतो. अशा संख्यांना दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी डेम्लो या रेल्वे स्थानकाच्या नावावरून 'डेम्लो संख्या' असे नाव दिले. १९३० ते १९६२ या काळात देवळाली येथे शाळेत शिकवीत असतानाच त्यांनी आपले संशोधन चालू ठेवले होते.

क्रम का जुळतो?

हा गुणाकार मांडला असता एकांच्या नऊ ओळी एकेक घर डावीकडे सरकत जातात. उभ्या रकान्यांत अनुक्रमे एक, दोन असे वाढत मधोमध नऊ एक येतात व पुढे ते तसेच कमी होतात. कोणत्याही रकान्याची बेरीज नवाच्या वर जात नाही; म्हणून हातचा घ्यावा लागत नाही. दहा एकांचा वर्ग करताना मात्र मधल्या रकान्यात दहा येतात, हातचा पुढे जातो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते. नऊ वेळा खरा ठरलेला नियम दहाव्या वेळी मोडतो. शिक्षकांनी हा गुणाकार विद्यार्थ्यांकडूनच फळ्यावर करवून घ्यावा.

अवयव आणि पडताळा

१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. वर्गात यातील प्रत्येक मूळ अवयव दुप्पट वेळा येतो. त्यामुळे या सतरा अंकी संख्येस एकूण ४५ विभाजक आहेत. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच असते.

तिच्या अंकांची बेरीज ८१ असल्याने तिला ९ ने निःशेष भाग जातो. कारण १०, १००, १००० यांना ९ ने भागल्यास बाकी १ च उरते. ग्रामपंचायतीची कीर्द तपासतानाही हे तत्त्व उपयोगी पडते. ५,४९० रुपयांऐवजी ४,५९० लिहिले गेल्यास ९०० चा फरक पडतो व त्यास ९ ने भाग जातो. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले की असेच घडते. म्हणून बेरजांतील फरकास ९ ने भाग गेल्यास प्रथम अशी चूक शोधावी. मात्र ही केवळ खूण आहे, पुरावा नव्हे. मूळ पावती पाहिल्याशिवाय दुरुस्ती करू नये.

काही उदाहरणे जुळली एवढ्यावर विसंबून न राहता कारण शोधावे, हाच धडा ही संख्या वर्गाला आणि कार्यालयाला सारखाच देते.